अनुवादक क्रमांक दोन

२ फेब्रुवारी
काम आलं! इटलीतल्या कुटुंबांची दर काही वर्षांनी पाहणी होते, तिची प्रश्नावली इंग्रजीत करायची. जुने प्रश्न मागच्या फेरीत कोणीतरी केलेले आहेत, ते तपासून शेरे मारायचे. नवे प्रश्न मी करायचे. काम देणाऱ्या संस्थेतल्या प्रकल्पाच्या बाईंनी फोनवर आडून सुचवलं, की तिथे शब्दावली-प्रमुखाची जागा निघते आहे आणि या कामावर समितीचं लक्ष असेल. म्हणजे खुर्ची, टेबल, दरमहा पगार! बावन्नाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावरून उठायची ही शेवटची संधी. ही म्हणाली, या वेळी वेळेवर दे म्हणजे झालं. (ही शाळेत शिकवते. टेबलाचं दुसरं टोक तिच्या पेपरांच्या ताब्यात.) मी वेळेवरच देतो, लोक वेळ चुकीची ठरवतात.
संकल्प: नव्या प्रश्नांतले शब्द, रोज चाळीस. वीस तारखेला मोकळा.
आज: तक्ता आखला, रकान्यांना रंग दिले. शब्द शून्य, पण पाया भक्कम.

३ फेब्रुवारी
नव्याला हात घालण्याआधी जुनं काम नजरेखालून घालावं म्हटलं. काय दिवे लावलेत! फाईलवर नाव नाही, फक्त 'अनुवादक क्रमांक दोन'. संस्थेची पद्धतच आहे. शेरे निर्भीडपणे लिहिता यावेत म्हणून नाव झाकतात आणि शेवटच्या बैठकीत उघडतात. उत्तम पद्धत. मी निर्भीड आहेच.
'तीतोलो दी स्तूदियो' म्हणजे शिक्षण कुठवर झालं. या गृहस्थाने लिहिलंय 'टायटल ऑफ स्टडी'. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला विचारायचं, तुमच्या अभ्यासाचं शीर्षक काय? आधी हसलो, मग चिडलो. अर्धं पान शेरा लिहिला. नवे शब्द राहिले.

६ फेब्रुवारी
मान धरली आहे. खुर्ची जेवायची, काम दिवसभराचं. मलम चोळून बसलो.
'नुक्लेओ फामिल्यारे' म्हणजे एका छपराखाली, एका खर्चात राहणारी माणसं. क्रमांक दोनने एका ठिकाणी 'फॅमिली' केलंय, दुसऱ्या ठिकाणी 'हाउसहोल्ड', तिसऱ्या ठिकाणी चक्क 'न्यूक्लियस'. शेरा लिहिला: हे घर आहे की अणुभट्टी? समितीला आवडेल.
उद्यापासून रोज ऐंशी. म्हणजे हिशेब जुळतो.

१० फेब्रुवारी
हिने विचारलं, नवे किती झाले. मी सांगितलं, जुन्या घराची डागडुजी केल्याशिवाय वर मजला चढवत नाहीत. ती म्हणाली, तुला डागडुजी नाही, शेरे मारायला सांगितलेत. शिक्षकांना शब्दात पकडायची वाईट खोड असते.
संस्थेचं सूचनापत्र आज पहिल्यांदा नीट वाचलं. जुना शब्द चुकला असला तरी शक्यतो बदलायचा नाही म्हणे, नाहीतर आधीच्या फेऱ्यांशी तुलना तुटते. म्हणजे चूकसुद्धा जपायची, फक्त दर वेळी सारखी. वाचूनच थकवा आला. जरा आडवा झालो. उठलो तर चहाची वेळ झालेली.
नवे: अकरा. त्यातले दोन 'होय' आणि 'नाही'.

१४ फेब्रुवारी
शेवटचा विभाग तपासला. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचा. 'नॉन आउतोसुफिचेंते', म्हणजे ज्याचं स्वतःचं स्वतःला होत नाही असा माणूस. इथवर येईतो क्रमांक दोन पार ढेपाळलाय. स्पेलिंगं चुकतायत, एकच ओळ दोनदा आलीय. आणि मग प्रश्न येतो: घरातल्या अशा माणसाचं कोण करतं? त्याच्यासमोर काही नाही. कोरं! अख्ख्या प्रश्नावलीतली सर्वांत सोपी ओळ. तिथून पुढचं संस्थेत कोणीतरी वेगळ्या टायपात भरून घेतलेलं दिसतं. हा पठ्ठ्या अर्ध्यावर काम टाकून पळाला!
इतका संताप आला की जेवण गेलं नाही. अशा माणसांमुळे आमच्या धंद्याचं नाव खराब होतं. या एका ओळीवर दोन पानं लिहिली.

१८ फेब्रुवारी
बाईंचा फोन. काम कुठवर आलंय? मी म्हणालो, अंतिम टप्प्यात. कशाच्या, ते त्यांनी विचारलं नाही. अठ्ठावीसची बैठक पक्की, तोवर सगळं हवं. त्यांच्या आवाजात काळजी होती. मोठ्या कामाची माणसाला आधी काळजीच वाटते.
नवे: एकतीस. पण आता रोज दीडशेच्या वेगाने गेलो तर अजूनही आरामात होतंय.

१९ फेब्रुवारी
डोळे चुरचुरतात. सुट्टी घेतली.

२० फेब्रुवारी
काल सुट्टी घेतल्यामुळे आज लय सापडली नाही.

२३ फेब्रुवारी
शेरे पूर्ण! चांगली जाडजूड पुस्तिका झाली. शेवटी स्वतंत्र परिच्छेदात शिफारस: 'सदर व्यक्तीला यापुढे कधीही काम देऊ नये.' लिहून हलकं वाटलं.
हिला वाचायला दिली. अणुभट्टीला हसली. पुढे शेवटच्या विभागापाशी थांबली. मागची फेरी कोणत्या साली झाली म्हणून विचारलं. मी फाईल बघून सांगितलं. तिने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, अण्णा दवाखान्यात होते ते वर्ष. अण्णा म्हणजे माझे वडील. मी म्हटलं, असेल, त्याचा इथे काय संबंध? तिने पुस्तिका मिटून माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, निदान शेवटचं वाक्य काढ, त्या माणसाची काही अडचण असू शकते. मी म्हटलं, अडचणी मलाही आहेत, माझी मान बघ.
काठावरच्या पोरांना मार्क वाढवून द्यायची हिची सवय मला माहीत आहे. वाक्य काढलं नाही. 'कधीही'खाली रेघ मारली.

२८ फेब्रुवारी, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. मान बरी. नवे शब्द निम्मे झालेत. उरलेल्यांपुढे 'चर्चेसाठी राखीव' लिहिलं, त्याने भारदस्तपणा येतो. बोलायला उभा राहिल्यावर आधी समितीचे आभार, मग एक खोकला, मग अणुभट्टी. जागा मिळालीच तर होकार द्यायला दोन दिवस लावीन. लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
अणुभट्टीला हसले. सगळे हसले.
कोऱ्या ओळीवर मी बराच वेळ बोललो. आवाज चढला असावा, कारण शिपाई पाणी ठेवून गेला. समितीचे अध्यक्ष म्हणाले, इतके कडक आणि इतके अचूक शेरे आजवर कोणी दिले नव्हते. जुने शब्द मात्र आहेत तसेच राहतील, तुलनेसाठी.
मग नियमाप्रमाणे बाईंनी नाव उघडलं. त्यांनी ते आधी मनात वाचलं आणि कागद अध्यक्षांपुढे सरकवला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.
नाव माझं होतं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, नावं सारखी असू शकतात. बाई हळूच म्हणाल्या, पत्तासुद्धा सारखा आहे.

१ मार्च
पत्र आलं. समितीने माझी शिफारस एकमताने स्वीकारली आहे. त्यामुळे जागेचा प्रश्नच उरत नाही. नव्या शब्दांचं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं.
ही शाळेतून आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, कोरी ओळ बघितली तेव्हाच मला कळलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, साल सांगितल्यावर तुला आठवेल असं वाटलं. आणि आठवलं नाही ते बरंच झालं असंही वाटलं.
मग तिनेच सांगितलं. ते काम एका एजन्सीमार्फत तुकड्यातुकड्यांनी यायचं, कोणाचं ते कळायचं नाही. दवाखान्याची बिलं होती म्हणून मी ते घेतलं. अण्णांच्या खोलीबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन करत असे. अण्णांना कूस बदलून द्यायची, चमच्याने पाणी पाजायचं, परत बाकावर यायचं. त्या दिवशी नर्सने आतून हाक मारली तशी मी लॅपटॉप बाकावर टाकून धावलो. नंतर ती फाईल मी उघडलीच नाही. हिनेच आहे तशी पाठवून दिली.
मला अण्णा गेले ते आठवतं. बाक आठवत नाही, फाईल आठवत नाही. इतका दमलेला होतो, असं ही म्हणते.
काल भरल्या बैठकीत मी विचारलं होतं, की सुशिक्षित माणूस इतकी सोपी ओळ कोरी सोडूच कशी शकतो? त्या माणसाच्या बाजूने बोलायला तिथे कोणीच नव्हतं. मी होतो, तो त्याच्यावर ओरडत होतो.