कूलरची चप्पल

अकोला, १४ मे, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी सासूबाई अंगणातल्या कूलरमध्ये पाणी टाकायला गेल्या अन् पत्र्याला हात लागताच मागे फेकल्या गेल्या. हात कोपरापर्यंत बधिर. मी धावत जाऊन आधी प्लग काढला.

आमचे हे आतून आले आणि विचारलं काय? "आई, चप्पल काहून नाही घातली तू?"

म्हणजे कूलरची चप्पल. दर उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरसमोर एक रबरी चप्पल ठेवलेली असते. पाणी टाकायचं तर ती घालायची. पाहुण्यांनाही आम्ही हेच सांगतो, जशी काही घरची रीतच! कूलर करंट मारतो, हे सगळ्यांना मान्य. अर्थिंग असतं तर तो करंट माणसातून न जाता जमिनीत गेला असता, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही?

"अरे, तिचा पट्टा तुटला ना. मलेच ध्यान नाही राह्यलं," सासूबाई म्हणाल्या. झटका त्यांनीच खाल्ला अन् चूकही त्यांचीच?

मी यांना स्पष्ट सांगितलं, आत्ताच्या आत्ता वायरमनला आणा, अर्थिंग करून घ्या. हे लगेच गाडी काढून गेले. मला बरं वाटलं. किती मूर्ख मी!

तासाभराने परतले. एकटेच. हातात पिशवी. पिशवीत नवी रबरी चप्पल.

"चांगली जाड पाहून आणली," म्हणे.

मी कात्री घेतली आणि काढून ठेवलेला प्लग वायरीपासून कापून टाकला. आता बसा म्हणावं घामात, नवी चप्पल घालून.