गुरुजींच्या हातातला दगड

पांढुर्णा
दि. २८ ऑगस्ट १९८४

ती. प्रकाशदादास,
कृ. सा. न. वि. वि.

आधीच सांगते, बाबा शुद्धीवर आहेत. काल गोटमारीत त्यांना दगड लागला, कपाळाला सात टाके पडले. हो, आपल्याच बाबांना.

आई-बाबा कायमचे तुझ्याकडे इंदूरला निघण्याआधी घर शेवटचं डोळे भरून पाहावं, आईला भांडी बांधायला मदत करावी, म्हणून पोळ्याच्या आठवडाभर आधीच नागपूरहून आले. आई थोडं रडते आणि कामाला लागते. बाबा मात्र आठ दिवस गप्प. मी तर म्हटलं, दातांची कवळीही बांधून टाकली की काय.

गोटमारीच्या दिवशी ते आपल्याला कसे कोंडून ठेवायचे, आठवतं ना? शाळेत पोरांचे खिसे तपासून दगड काढून घ्यायचे. एकतीस वर्षं ते दोन गावांच्या या दगडफेकीच्या खेळाला रानटीपणा म्हणत आले. कालही सकाळीच दाराला कडी घातली आणि पुस्तकं बांधत बसले. दुपारी पाहते तो कडी काढलेली, आणि त्यांच्या चपला जागेवर नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या कलाबाई धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, की पुष्पा, गुरुजी नदीवर गोटे मारून राहिले वं. मला हसूच आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि धावत सुटले. जाम नदीच्या मधोमध झेंडा लावलेला पळस, पलीकडे सावरगाववाले, अलीकडे आपले पांढुर्ण्याचे, आणि त्यांच्यात अगदी पुढे धोतर खोचलेले बाबा. नेम असा, की एकही दगड निम्म्या पाण्यापलीकडे जाईना. तेवढ्यात पलीकडून आलेला दगड त्यांच्या कपाळावर बसला.

मारणारा सावरगावचा हिरामण, बाबांचाच विद्यार्थी. संध्याकाळी येऊन पाय धरून रडला. सांगत होता, की मले गुरुजी दिसलेच नाही, पांढुर्ण्याचा माणूस दिसला. हे ऐकून बाबा हसले, दादा. टाके ताणले तरी हसत राहिले. मला त्याचीच जास्त भीती वाटते. तू ताबडतोब ये.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
पुष्पा

इंदूर
दि. ३ सप्टेंबर १९८४

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना. तिसरीत असताना माझ्या खिशात एक खडा सापडला, म्हणून हेच बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

मला रजा नाही. बाबांना वेगळं पत्र टाकलं आहे. इंदूरला यायचं नसेल तर तसं सांगावं, त्यासाठी डोकं फोडून घ्यायची काय गरज, असं सरळ विचारलं आहे. सौंसरच्या ट्रकवाल्याला तूर्त नको म्हणून कळवलं. त्यांचं उत्तर येईपर्यंत एकही पेटी हलवू नका. आईला जप. आठवण ठेवतेसच, पत्रही टाकत राहा.

तुझा
दादा

पांढुर्णा
दि. ९ सप्टेंबर १९८४

चि. प्रकाश यास अनेक आशीर्वाद.

टाके निघाले. ट्रक सांग.

पुस्तकं बांधताना पोरांच्या खिशांतून काढलेल्या दगडांचा डबा सापडला. तो इंदूरला कुठे न्यायचा? नदीचे होते, नदीत टाकून येऊ म्हणून गेलो. खेळ रानटीच आहे, हे माझं मत कायम आहे. पण त्या गर्दीत उभा राहिलो आणि हात आवरला नाही. याची मला लाज वाटते. पुष्पाला मी फार घाबरवलं.

एकतीस वर्षं इथे सगळ्यांनी माया केली, पण नाव पडलं ते मूळ गावावरून, अकोटवाले गुरुजी. जे गाव आपलं झालंच नाही, ते सोडायचं तरी कसं, हे मला उमगत नव्हतं. म्हणून गप्प होतो. आता हिरामणच्या कृपेने सोडता येईल.

डबा रिकामा केला. तुझा खडा तेवढा वेगळा ठेवला होता, कागदात गुंडाळून, वर तुझं नाव घालून. येताना घेऊन येतो. सूनबाईस आशीर्वाद. म्हाताऱ्यावर माया असू द्या.

तुझा
बाबा