नट एकदा आवळून घे

प्रिय ठमे,

तू छोटीला घेऊन दुकानात गेली आहेस, तेवढ्यात हे लिहून घेतो. तुझ्या या चाकांवरच्या घराच्या, मोटरहोमच्या पायरीवर बसलोय, कागद गुडघ्यावर आहे. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फाटक वाजलं असं वाटलं की हात थांबतो.

बॅटरीचा ताप मोजणारा सेन्सर बसला. चार्जरच्या पुस्तकातलं चित्र मी बोट ठेवून ठेवून पाहिलं. त्याची कडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, नटाखालीच बसवली आहे. बॅटरीच्या डब्याला नाही, भिंतीला नाही, थेट बॅटरीच्या अंगाला. ती तापली की चार्जर हात आखडता घेईल, गार पडली की सढळ देईल. वायर पलंगाखालून नेली आणि पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. तरी जिवाला घोर आहेच. बॅटरी नेमकी छोटीच्या उशीखाली येते ना.

काल तू टॉर्च धरून बसली होतीस. लहानपणी मी पंक्चर काढायचो तेव्हाही तूच दिवा धरायचीस, आणि गिऱ्हाईकं म्हणायची, सायकलवाल्या, तुला हा खांब बरा मिळाला. इतका तुझा हात स्थिर. काल जावईबापूंचा फोन वाजला आणि उजेड बॅटरीवरून एकदम छतावर गेला. परत आला तो थरथरतच. तू फोन घेतला नाहीस, उपडा ठेवलास. मी पान्हा फिरवत राहिलो. नट केव्हाच बसला होता, पण मान वर करून तुझ्याकडे बघायचा धीर होईना. मग पान्हाच हातून निसटला, खाली पत्र्यावर खणकन वाजला, आणि छोटी टेबलाखाली जाऊन बसली. कान झाकून. तू नुसता हात पुढे केलास, आणि तीही सवयीनं बाहेर आली.

त्यानंतर तू विचारलंस, "बाबा, बर्फात चालेल ना हे?" मी म्हटलं, चालेल, त्यासाठीच तर असतं. तू मान हलवलीस. पण ठमे, बाहेर डांबर वितळतंय, आणि तू तर चार दिवस फिरून येते म्हणाली होतीस. यात बर्फ कुठून आला?

वायर न्यायला पलंगाखालचं सामान ओढावं लागलं. देवाशप्पथ, मुद्दाम पाहिलं नाही. छोटीचे लोकरीचे मोजे होते, तिला पुढच्या वर्षी होतील असे बूट होते. तुझ्या आईचं शिवणयंत्र होतं, चादरीत गुंडाळलेलं. जावईबापूंचा एक रुमालसुद्धा नव्हता. मी सगळं होतं तसंच परत लावलं, बूट खाली, मोजे वर.

आज तू अंघोळीला गेलीस तेव्हा त्यांचा फोन मला आला. फार गोड बोलले. गाडीत काय करून घेतेय, किती दिवसांसाठी, सगळं विचारलं. मी म्हटलं, उकाडा फार आहे. परवा येऊन भेटतो म्हणाले.

तेव्हा उद्या सकाळीच, ऊन व्हायच्या आत, मी तुला निघायला लावणार आहे. कुठं चाललीस ते मला सांगू नकोस. सांगावंसं वाटलं तरी नको. मी खोटं बोलू लागलो की माझे कान लाल होतात, तुझी आई त्यावरूनच मला पकडायची. ठाऊकच नसलं तर कुठं गेली याला खरं उत्तर देता येईल. पोचलीस की फोन दोनदा वाजवून ठेव, मी उचलणार नाही. पण केव्हा परत येणार, असं ते विचारतीलच, आणि तेव्हा मला चार दिवसांनी असं म्हणावं लागेल, त्यांच्या डोळ्यांत बघून. म्हणून उद्या निघताना मी तुला सांगणार आहे, की हादऱ्यानं सेन्सरचा नट सैल होतो, पहिल्या मुक्कामाला डबा उघड आणि एकदा आवळून घे. पुन्हा पुन्हा सांगेन, तू वैतागशील. उघडलास की झाकणाच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हा कागद चिकटवलेला मिळेल. नट घट्ट आहे, ठमे. तो सैल होणारा नाही. परवासाठी सराव हवा होता, म्हणून पहिलं खोटं तुझ्याशीच बोललो. माझे कान लाल झाले होते का, तेवढं आठवून बघ.

तुझाच,
सायकलवाला बाबा