मागचं चाक ओढायला एकजण

मी, गल्लीत जिला सगळे पानेवाली म्हणतात ती, सायकल दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. केली असती तर पाना जवळच होता. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा अक्षराला हसू नये. याआधीचं मृत्युपत्र सापडलं तर रद्द समजावं. सापडणार नाही, कारण लिहिलंच नव्हतं.

पहिलं, घर. वरचा मजला मुलीला, म्हणजे थोरलीला. खालच्या खोल्या आणि दुकान मुलाला, म्हणजे धाकट्याला. जिना दोघांचा. जिन्यावर भांडू नये, तिथे तेवढी जागा नाही.

दुसरं, बँकेत असेल ते अर्धं अर्धं. फार वेळ लागणार नाही.

तिसरं, हत्यारं. सगळी धाकट्याची. चाक सरळ करायचं स्टँड तेवढं शेजारच्या लेथवाल्याला. त्याची नजर कधीची त्यावर आहे, आणि माणूस बरा आहे. ग्रीसचा नवा डबा माझ्या जावेला. मी लग्न होऊन आले तेव्हा ती म्हणाली होती, "बाईच्या हाताला हा वास शोभतो का?" डबा बंद आहे. उघडायचा की नाही तिचं तिने ठरवावं. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून हवेचा पंप परत आणावा. नेला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या.

आता सायकल. खरं तर तिच्यासाठीच हा कागद. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात स्वप्नं लिहीत नाहीत." म्हटलं, "मग तुम्ही तुमच्या मृत्युपत्रात लिहू नका."

थंडी पडली की मला एकच स्वप्न पडतं. तळ्याकडचा चढ. धुकं असं की पुढचं चाकसुद्धा दिसत नाही. पाय आपोआप फिरत असतात, श्वासाची वाफ डोळ्यांवर येते, खाली गोठलेला चिखल बारीक आवाज करतो. आणि मागून फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राची, टिकटिक येते. सावकाश, कोणी पाय थांबवून नुसतं येत असावं तशी. मी वळून बघत नाही. बघितलं की जाग येते. आमचे हे गेले त्या वर्षापासून असं चाललंय.

जाग आली की मी मागच्या खोलीत जाते आणि नव्या सायकलचं सामान निवडते. ते सगळं जुन्या चादरीवर मांडलेलं आहे, सुटं. मी जोडलेलं नाही. का ते पुढे येईल.

थोरली तळ्यावरच्या पाण्याच्या पंपावर कामाला आहे. सकाळची पाळी असली की धुक्यातून चालत चढते. तिच्यासाठी ही थंडीतली सायकल. धाकटा सायकलच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे, त्याला सामानातलं सगळं कळतं. पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बाप गेला आणि महिन्याभरात धाकट्याने त्याची सायकल भंगारात दिली, कोणाला न विचारता. थोरलीला त्या सायकलचं हँडल भंगारवाल्याच्या दारात टांगलेलं दिसलं. ती ते घेऊन आली आणि तेव्हापासून तोंड बंद. धाकट्याने सायकल का काढली ते मला माहीत आहे. ती टांगलेली असायची त्या खुंटीपाशी आला की तो समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याला ती बघवत नव्हती. पण हे तो कधी सांगणार नाही, म्हणून मी इथे लिहिते. थोरलीने हे दोनदा वाचावं.

मागच्या थंडीत धाकटा चादरीवरचं सामान बघून म्हणाला, "आई, एकच गिअर? आजकाल बारा असतात."

"चिखल गोठला की बाराही एकाच जागी अडकतात. मग अकरा कशाला वाहायचे?"

हसला. दुकानात किती दिवसांनी.

"बरं, पुढचं चक्र बत्तीस दाती घेतलंस, तर मागे अठरा लाव. पळेल चांगली."

"चढावर तू जाणार आहेस की ती?"

चादरीवरचं जुनं फ्रीव्हील हातात घेऊन फिरवत बसला. मग म्हणाला, "वीस लाव. गुडघ्याला बरं." दुसऱ्या दिवशी स्वतः आणून ठेवलं. मी फिरवून आवाज ऐकला. स्वप्नातली टिकटिक हीच.

थोरली आली, तिनेही फिरवून पाहिलं.

"हे कोणी निवडलं?"

"दुकानदाराने."

"कुठल्या?"

"तू टायर बघ."

टायर रुंद आहेत, जाड नक्षीचे. हवा कमी ठेवायची, म्हणजे जमिनीला चिकटून चालतात. पुढचं चाक धरणारा चिमटा साधा लोखंडी. स्प्रिंगचा नको, थंडीत तो माझ्यासारखा आखडतो. ब्रेक तारेचे. पायडल रुंद, बूट घसरू नये असे. ब्रेकच्या दांड्यांना मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्यात, बोटं गारठणार नाहीत. हे सगळं बघून थोरली खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाली, "वीस बरोबर आहे."

तर वाटणी अशी. फ्रेम, चिमटा, पुढचं चाक आणि बापाचं हँडल थोरलीला. मागचं चाक, फ्रीव्हील, पायडल आणि चेन धाकट्याला. कोणी कोणाचा हिस्सा विकत घ्यायचा नाही. सायकल जोडून होईपर्यंत घराची, दुकानाची वाटणी थांबेल, चाव्या वकीलबाईंकडे.

गिअरच्या सायकलीत चेनला स्प्रिंग ताणून धरते. या सायकलीत कोणी नाही. फ्रेमच्या मागे आडवी खाच आहे, चाक तिच्यात मागे ओढलं की चेन ताणली जाते. आमच्या दुकानाची पद्धत अशी: एकाने खाली बसून दोन्ही हातांनी चाक ओढायचं, दुसऱ्याने नट आवळायचे. ओढणारा "हं" म्हणतो, त्याशिवाय पाना फिरत नाही. हे ओढायचे, मी आवळायचे. मी घाईत असले तरी त्यांच्या "हं"साठी थांबायचे, आणि मी कशासाठी थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

थोरलीने ओढायचं. धाकट्याने आवळायचं. मग चेन मधोमध अंगठ्याने दाबून बघायची, थोडी हलली पाहिजे.

धाकटा म्हणेल, हे एकट्याला जमतं, ओढायला दुसरा कशाला. जमतं. हे गेल्यापासून मी एकटीच करते. गिऱ्हाईक कोणी काही बोललं नाही. पण चाक जरा तिरकं बसतं, ते मला दिसतं.

बाकी मला काही नको. फुलं नकोत, भाषणं नकोत. थोरलीने एकदा "हं" म्हणावं आणि धाकट्याने ते ऐकावं.

हे सगळं मी वाचून पाहिलं, पटलं, आणि साक्षीदारांसमोर सही करते.

सही: पानेवाली

साक्षीदार एक: शेजारचा लेथवाला. (स्टँड मिळणार म्हणून सही केली नाही, असं लिहा म्हणतो. लिहिलं.)

साक्षीदार दोन: दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. त्यांचा शेरा: बाई शुद्धीवर आहेत, मला दोनदा गप्प बसवलं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, खिडकीपाशी. इथून चढ दिसतो. आज धुक्यामुळे दिसत नाही.

तारीख: नऊ डिसेंबर, सकाळ. साल वकीलबाई घालतील.