माइकचे दुकान धाकट्यास

मी, लाउडस्पीकर भाड्याने देणारा, वय शहात्तर, गळा बसलेला पण डोके ठिकाणावर असलेला, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर आपखुशीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. घोषणा मात्र पुष्कळ केल्या, त्या कोणी कायदेशीर धरू नयेत.

कलम पहिले. राहती खोली, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक मुलीला. माझ्या घशासाठी आयुष्यभर पाणी गरम केले ते तिनेच. कपाटातला पक्षाचा बिल्ला तिला नको असेल तर टाकून द्यावा. मला तो टाकवत नाही.

कलम दुसरे. खालचे दुकान, त्यातली यंत्रे, वायरी, भोंगे आणि तो जुना जड माइक, हे सर्व माझ्या धाकट्या भावाला. हे ऐकून वकीलसाहेबांनी भुवया उंचावल्या, म्हणून कारण लिहितो.

दुकान आम्ही दोघांनी उभे केले. सायकलच्या हँडलला भोंगा बांधून मी बोलायचो आणि धाकटा कॅरियरवरची बॅटरी धरून मागून धावायचा. पक्ष तेव्हा दुकानदारांचा होता. म्हातारे पुढारी आमच्या बाकावर चहा पीत सांगत, “सरकारने बाजारात नाक खुपसू नये. तुम्ही कष्ट करा, दुकान वाढवा.” काय दिवस होते ते! सभा संपली की रिकाम्या मैदानात धाकटा माइक हातात घेऊन गाणे म्हणायचा. अगदी बेसूर. मी मुद्दाम आवाज वाढवायचो.

लग्न ठरल्यावर त्याने मोज्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. त्याच सुमारास पक्षाने घोषणा काढली, ‘बाजार खुला, फायदा तुला!’ ती मी कारखान्याच्या फाटकासमोर घसा फुटेपर्यंत दिली. मला ती पटलेली होती, आजही बरीचशी पटते. पक्ष जिंकला, बाहेरचे स्वस्त मोजे आले, फाटकाला कुलूप लागले. धाकटा म्हणाला, “दादा, तुझा फायदा तुलाच लखलाभ.” त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. राहतो मात्र पलीकडच्याच गल्लीत.

कलम तिसरे. कलम कसले, जुनी खुन्नस आहे. त्याच पुढाऱ्यांचा नातू आता ट्रकवर उभा राहून ओरडतो, ‘बड्या कंपन्यांना वेसण घालू, बंद कारखाने उघडू!’ त्या बंद कारखान्याच्या जागेवर त्याच्याच घरच्यांचे गोदाम आहे, हे ट्रकवरून कोण सांगणार? झेंडा तोच, घर, देश, शिस्त हे शब्दही तेच. व्यापारी हा शब्द तेवढा शिवीसारखा उच्चारतात. आणि आमचे धाकटे महाराज पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटतात! मी एका घोषणेला भुललो, तो दुसरीला भुलला असे कोणी म्हणेल. म्हणू दे. त्या नातवाला माझ्या मयतीत भाषण करू देऊ नये, ही ताकीद.

दुकान विकायचे की चालवायचे, ही धाकट्याची मर्जी. त्याने एकदा जिना चढून वर यावे आणि काहीतरी बोलावे, एवढेच मला हवे आहे. शिव्याही चालतील. मला त्याची फार आठवण येते.

ताजा कलम. दुसरे साक्षीदार, शेजारचे न्हावी, ऐन वेळी सभेला निघून गेले. वकीलसाहेबांनी खिडकीतून खालच्या मिरवणुकीतल्या एकाला हाक मारली. ते त्याला ओळखत नव्हते. झेंडा खांद्यावर घेऊन वर आला तो धाकटा.

त्याने उभ्या उभ्या सगळे वाचले. कलम दुसरे परत वाचले. तो कोण ते मी सांगितल्यावर वकीलसाहेब गडबडले. “अहो, दुकान तुम्हालाच मिळतंय. साक्षीदार म्हणून सही केलीत तर तुमच्या हक्कावर पाणी सोडावं लागेल. आपण दुसरा माणूस शोधू.”

“शोधताय कुठे? सगळा गाव सभेला गेलाय,” धाकटा म्हणाला. त्याने झेंडा दाराशी टेकवला, माझ्या हातातले पेन काढून घेतले आणि म्हणाला, “दादा, सरक जरा. बसू दे.”

सबब कलम दुसरे रद्द. दुकानही मुलीला.

लिहून ठेवणार: लाउडस्पीकरवाला (सही)
साक्षीदार एक: वकील (सही)
साक्षीदार दोन: सख्खा धाकटा भाऊ (सही)
स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: प्रचाराचा शेवटचा दिवस