चालू मशीनची पूजा

अण्णा, तुमचं मशीन चालू झालं. धारच्या दुकानातलं ते पांढरं मशीन, जे पुढे माळ्यावर पडून पडून पिवळं झालं आणि ज्याचं खापर तुम्ही शेवटपर्यंत माझ्या डोक्यावर फोडत राहिलात, तेच. आज रविवार आहे, जेवणं झाली आहेत, आई आत जरा आडवी झाली आहे आणि माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एका चौकटीत तुमचा सगळा पसारा जसाच्या तसा उघडा आहे. लग्नपत्रिकांचं फोल्डर, त्याच्याखाली मुंजी, त्याच्याखाली शोकसंदेश, आणि पाठीमागे तुम्ही लावलेलं देवीचं चित्र. काहीसुद्धा गेलेलं नव्हतं. हे तुम्हाला कळायला हवं होतं, आणि कळवायला दुसरी वाट नाही, म्हणून लिहिते आहे. घरात हे वाचणारंही कुणी नाही. माझी मुलगी मराठी बोलते, पण दोन ओळी वाचायची वेळ आली की "मम्मा, तू ही सुना दे ना" म्हणून मोकळी होते. म्हणजे मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

तुमचा टायपिंगचा क्लास बंद पडला ते दिवस मला चांगले आठवतात. टाइपरायटर एकेक करून गोणपाटाखाली गेले आणि त्यांच्या जागी हे एकटं मशीन येऊन बसलं. हिंदीचा जुना कीबोर्ड तुमच्या बोटांना पाठ होता, त्यामुळे मजकूर तुम्ही धडाधड बडवायचात. पण माउस हातात आला की तुमची गाडी अडायची. तिथे मी लागायचे. कॉलेजातून आले की पर्स टाकून थेट दुकानात. गणपती कुठे बसवायचा, 'शुभ विवाह' किती मोठं करायचं, खाली पोरांच्या तोंडची ती बोबडी 'जलूल आना'वाली ओळ कुठल्या रंगात घालायची, हे सगळं माझ्याकडे. एकदा नालछा गावचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही त्याला म्हणालात, "ये छोरी नहीं है भिया, मेरा दाहिना हाथ है." आणि तो गेल्यावर मला म्हणालात, "पुढच्या वर्षी इंदूरला एमसीएला घालतो तुला. मग दुकान तू म्हणशील तसं." मी घरी जाऊन आईला सांगितलं आणि आईने देवापुढे साखर ठेवली.

मशीनमध्ये विंडोजच्या जोडीला लिनक्स मी त्याच दिवसांत टाकलं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी यायची, तिच्यावर होतं. तुम्हाला विचारूनच टाकलं, हे तुम्ही पुढे सोयीने विसरलात. "फुकट आहे ना? मग बघ टाकून, पण माझ्या पत्रिकांना धक्का लागता कामा नये," हे तुमचे शब्द. मी आठवडाभर वाचत होते. डिस्कचे भाग कसे पाडायचे, तुमचा भाग कसा अलग ठेवायचा. आधी सगळ्या पत्रिका दुसरीकडे उतरवून घ्यायला हव्यात असं त्यात लिहिलं होतं, पण आपल्याकडे दुसरीकडे म्हणजे कुठे? फ्लॉपीवर देवीच्या चित्राचा पदरसुद्धा मावत नव्हता. म्हणून जपून, श्वास रोखून टाकलं. मशीन सुरू झालं की काळ्या पडद्यावर विचारायचं, कुठे जायचंय, विंडोजमध्ये का लिनक्समध्ये. कुणी काही दाबलं नाही तर ते आपलं आपण तुमच्या विंडोजमध्ये जाईल अशी सोय मी करून ठेवली होती, तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तुमच्या एकाही पत्रिकेचा कानामात्रा हलला नाही. गिऱ्हाईक नसलं की मी माझ्या बाजूला जायचे आणि त्या काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करून बघायचे. माझ्या शब्दावर काही तरी चालतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं.

मग खंडेनवमी आली. आपल्या घरची ती पूजा साऱ्या गल्लीला माहीत. पणजोबा धार संस्थानच्या पागेत होते, त्यांची ती म्यानात अडकलेली तलवार पाटावर, शेजारी आईचं शिवणयंत्र, कात्र्या, एक टाइपरायटर, आणि त्या वर्षी पहिल्यांदा कॉम्प्युटर. तुम्ही तो दुकानातून हातगाडीवर घालून घरी आणवलात. मी म्हणते, अण्णा, बंद ठेवा, पाणी जाईल आत. तुम्ही सोवळं नेसून उभे आहात, हातात फुलपात्र आहे, आणि तुम्ही म्हणता, "बंद मशीनची पूजा कसली? देवी दिसली पाहिजे पडद्यावर." पडदा उजळतो, देवी दिसते, शेजारच्या बायका हात जोडतात. आई मला हाक मारते आणि मी पुऱ्या लाटायला आत जाते. त्यानंतरचं मला काही माहीत नाही. मी बाहेर आले तेव्हा मशीन बंद होतं, त्याच्यावर झेंडूचा हार होता आणि उदबत्तीचा नेहमीपेक्षा जरा जास्त वास होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात ते चालू होईना. नालछ्याची पत्रिका अर्धी राहिली होती, देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरचं लग्न, माणसं ताटकळत बाहेर बसलेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला अजून तो क्षण नीट दिसतो, कारण तुम्ही रागावलेले नव्हतात. विचारात होतात. मग बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "छोरी ने लिनक्स-फिनक्स डाल दिया भिया, खा गई मशीन को." मी म्हणाले, असं होत नाही हो अण्णा, मला एकदा उघडून तरी बघू द्या. तुम्ही म्हणालात, "हात लावशील तर हात मोडीन." तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हतात, म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी दुकानाची पायरी चढले नाही. पत्रिका तुम्ही दुसरीकडून करून घेऊ लागलात. एमसीएचं नाव पुन्हा निघालं नाही. आईने एकदा काढलं तर म्हणालात, "एक मशीन बुडवलं तेवढं पुरे." मला देवासला आत्याकडे पाठवलंत, मी बीएड केलं, इथलंच, देवासचं स्थळ आलं. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा तुम्ही व्याह्यांना हसत हसत सांगत होतात की कॉम्प्युटरपासून हिला लांब ठेवा. सगळे हसले. मीही हसले, काय करणार होते?

आता मी हाटपिपल्या गावच्या शाळेत हिंदी शिकवते. सकाळी बस धरायची, दुपारी परत. आणि उरलेल्या वेळात तेच करते, ज्यापासून मला लांब ठेवायचं होतं. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणते. नवी विंडोज ज्यांना पेलवत नाही त्यांच्यात हलकंसं लिनक्स घालते, की ती म्हातारी मशिनं उठून कामाला लागतात. कधी वायफाय धरत नाही, कधी आवाज येत नाही, कधी प्रिंटर तोंड फिरवून बसतो, आणि मी त्याच्या मागे दोन-दोन रविवार घालवते. आमचे हे म्हणतात, "घरात माणसं कमी, डबे जास्त." बोलतात, पण चहा आणून ठेवतात शेजारी. तुम्हाला समजेल असं सांगायचं तर आता एक नवल निघालंय. चालत्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो. त्याला हात लावता येत नाही, वजन नाही, पत्रा नाही, पण तो स्वतःला खराच समजतो. त्याच्यात काहीही मोडलं तरी बाहेरच्याला ओरखडा उठत नाही. तो बिघडला की एक बटण दाबून त्याला बिघडायच्या आधीच्या घडीला परत नेता येतं. मला हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी उगाचच रडले होते. ह्यांना वाटलं शाळेत काही झालं.

या वर्षी धारच्या बंद दुकानाची जागा सोडली. माळ्यावर तुमचं मशीन निघालं, गोणपाटात बांधलेलं. आई आता माझ्याकडेच असते, ती म्हणाली भंगारात दे. मी देवासला घेऊन आले आणि गॅलरीत बसून स्क्रू काढले. अण्णा, आत अक्षता होत्या. वीज पोचवणारा जो आतला डबा असतो, त्याच्या जाळीच्या आत, पंख्याच्या पात्यांना चिकटलेल्या, कुंकवाने लाल, वाळून खडा झालेल्या. त्यांच्याखाली पाण्याचा डाग आणि एक जळून काळा झालेला भाग. झेंडूची एक पाकळीसुद्धा होती. मी हातात स्क्रूड्रायव्हर धरून तिथेच बसून राहिले. खालून भाजीवाला ओरडत गेला, मी उठले नाही.

पाण्याने आत विजेचा घोटाळा झाला होता आणि त्या झटक्यात डिस्कच्या पाठीवरची हिरवी पट्टी जळली होती. डिस्क आतून धडधाकट. तसल्याच डिस्कची पट्टी शोधत मी इंदूरच्या जुन्या मालाच्या बाजारात फिरले. एकजण म्हणाला, "मैडम, इत्ती पुरानी का क्या करोगी, अचार डालोगी?" शेवटी मिळाली. बसवली, आणि डिस्क घुं करून फिरली. तिची जशीच्या तशी नक्कल काढून घेतली आणि माझ्या लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करून ती त्याला दिली. तो बरेच दिवस नुसता काळा पडदा टाकून बसायचा. मग एका दुपारी काळ्या पडद्यावर तो जुना प्रश्न आला, विंडोज का लिनक्स. मी काही दाबलं नाही. मी ठरवून दिलं होतं तसा तो आपला आपण तुमच्या बाजूला गेला आणि देवी दिसली. डिस्कवर दोन्ही भाग शेजारी शेजारी, कुणी कुणाला खाल्लं नव्हतं.

मी आईला हाक मारली. ती मटार सोलत होती, ताट घेऊनच आली. तिला अक्षता दाखवल्या, पडदा दाखवला. म्हटलं, बघ आई, माझ्यामुळे नव्हतं झालं. अण्णांना बिचाऱ्यांना कळलंच नाही शेवटपर्यंत. मी खरंच 'बिचाऱ्यांना' म्हणाले. आई मटार सोलत राहिली आणि म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

मग तिने सांगितलं. तुम्ही फुलाने पाणी शिंपडलंत, अक्षता वाहिल्यात, आणि आतून चर्र आवाज आला, धूर आला. शेजारच्या बायका तोवर देवीला हात जोडून आपापल्या घरी गेल्या होत्या. तुम्ही बटण बंद केलंत, वर हार घातलात आणि उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवलात. मग तिला म्हणालात, "कुणाला बोलू नकोस. नवमीला पूजेत मशीन जळलं म्हटलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही." मी आईला विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. आणि तुला सांगून मशीन काय जिवंत होणार होतं?" मी म्हटलं, मशीनचं कोण बोलतंय? तिने ताट उचललं आणि आत गेली. तेव्हापासून आमचं बोलणं जेवणाच्या वेळेपुरतं चाललं आहे.

अण्णा, तुम्ही चुकलात असं समजून मी इतकी वर्षं काढली. चुकलेल्या माणसावर रागावता येत नाही फार. दवाखान्यात तुमचे पाय चेपताना मी मनात म्हणायचे, नाही कळलं त्यांना, त्यात त्यांचा काय दोष? तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. तिथे कुणी गिऱ्हाईक नव्हतं. दुकान बंद होऊन जमाना झाला होता. तेव्हा तरी सांगायचं होतंत. एक वाक्य, तेही हळू आवाजात. एमसीए गेलं ते गेलं, मुली शिकायच्या राहतात, घरोघरी होतं. पण मी गिऱ्हाइकांपुढे, आत्यापुढे, सासरच्यांपुढे मशीन बुडवणारी म्हणून उभी राहिले, आणि तुम्ही मला उभी राहू दिलंत. तुमचा धंदा वाचावा म्हणून. तो तरी कुठे वाचला?

दोष दिला तर उत्तर देणारं कुणी नाही, म्हणून आता एवढंच सांगते. तुमचं मशीन माझ्या लॅपटॉपमध्ये सुरू केलं की ते आजची तारीख घेऊ बघतं. मी ती घेऊ देत नाही. त्याचं घड्याळ मी त्या वर्षीच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बांधून ठेवलं आहे. शाळेतून आले की कधीतरी उघडते, नालछ्याची अर्धी पत्रिका काढते, राहिलेल्या ओळी भरते, गणपती जरा वर घेते, जसा तुम्हाला आवडायचा. मग काही न साठवता बंद करते, म्हणजे पुढच्या वेळी ती पुन्हा अर्धी मिळते. ह्यांनी विचारलं तर सांगते की मशीन तपासते आहे. पण त्या तारखेला मी अजून तुमचा उजवा हात आहे, आणि मला तिथून पुढे जायचं नाही.