ब्रोशरवरच्या आजी

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. 'इकडे सगळं ठीक' असं लिहायला हात सवयीनं पुढे गेला होता, तो आवरला. फोनवर तू 'अगं, आधी ऐक तरी' म्हणशील आणि मी ऐकून घेणार नाही, म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात मला एका वृद्धाश्रमाच्या ब्रोशरचं काम मिळालं. तिथल्या व्यवस्थापिका बाई भारी हौशी. त्यांना पहिल्याच पानावर इमारत, बाग, संस्थापक, सगळं हवं होतं. मी म्हटलं, "बाई, लोक ब्रोशर वाचत नाहीत, आधी नुसतं बघतात. एकच चेहरा ठेवू, एकच ओळ." त्यांनी पाठवलेल्या साठेक फोटोंतून मी एक निवडला. खिडकीशी बसून टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या एक आजी. केस अगदी बारीक कापलेले, कशाला तरी हसताहेत. शेजारी ओळ टाकली : 'तुम्ही निर्धास्त राहा.' बाई बेहद्द खूश. "फक्त मनगटावरचा तो डाग काढा हो. लोकांना वाटेल, इथंच भाजलं."

डाग काढायला मी फोटो मोठा केला. निम्मा पुसूनही झाला आणि माझा हात थांबला. लहानपणी उकळत्या पाण्याचं पातेलं मी अंगावर ओढून घेत होते, तेव्हा मध्ये घातलेला हात तो.

दादा, ती आई होती.

तीन दिवस तो चेहरा माझ्यासमोर होता, पडदाभर. मी तिच्या गालावरची सावली कमी केली, डोळ्यांत उजेड भरला, आणि तिला ओळखलं नाही. दीड-दोन वर्षं तिला नुसती फोनवर ऐकत होते, आणि कापलेल्या केसांत तर कधी पाहिलंच नव्हतं.

बाईंना फोन केला. "या आजी कधीपासून आहेत तुमच्याकडे?"

"झाले की चौदा महिने. मुलगा येतो दर महिन्याला. मुलगी परदेशात असते म्हणे. बिचारीला जमत नाही."

परदेशात! बसनं दोन तास लागले मला.

आई मला बघताच म्हणाली, "ठमे, कामाचा खाडा केलास ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "त्याला बोलू नकोस हं. मीच शपथ घातली होती. त्याच्याकडचे चार जिने चढवेनात. दोनदा पडले."

पडली, दादा! आणि दर रविवारी माझ्याशी फोनवर बोलत होती. मागून पोरांचे आवाज कसे नाहीत म्हटलं, की 'खेळायला गेलीत' म्हणायची. मला ते पटायचं. पटवून घेणं सोयीचं होतं.

खरं तर तुला फैलावर घ्यायला बसले होते. तीन कागद फाडले. दरवेळी दोन ओळी झाल्या, की तो फोन आठवतो. दोन वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस, "सहा महिने आईला नेतेस का? तुझं घर तळमजल्यावर आहे." मी म्हटलं, "घरातच ऑफिस आहे रे, तिची अडचण होईल." तिची म्हणाले. माझी होईल, असं नाही म्हणाले. तू पुन्हा विचारलं नाहीस.

स्पीकर चालू होता आणि आई तुझ्या शेजारीच बसली होती, हे तिनं मला काल सांगितलं. रागानं नाही. घड्या घालता घालता.

ते काम मी सोडलं. दुसऱ्या कुणाच्या आईशेजारी ती ओळ ठेवायला हात धजेना.

निघताना तिला म्हटलं, "आई, चल माझ्याकडे. आत्ताच चल." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

आपल्या आईनं, दादा. मी काही मागितलं आणि तिनं लगेच हो म्हटलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

रविवारी दहा वाजता मी तिथं असेन. तूही ये. एकमेकांशी काय भांडायचं ते परतीच्या वाटेवर भांडू.

तुला जाब विचारायची लायकी न उरलेली,
ठमी